पडद्यावरचा काळा रंग करडा का होतो?

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता फुटतो तो हातखंब्याला. या परिसरातील एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे अशी कल्पना करू या. मुले शिमगोत्सवावर नाटुकले सादर करीत आहेत. पूर्वी अशा प्रसंगी रंगवलेला पडदा मागे सोडत. आता संगणकातील चित्रफीत प्रोजेक्टरने मागच्या पडद्यावर टाकतात. चित्रफितीत होमाची रात्र आहे: गडद काळोख, मध्ये पेटलेल्या ज्वाळा, बाजूला जांभ्या दगडाचा लालसर गडगा. परंतु पडद्यावर काळोखाऐवजी राखाडी धुके दिसते, ज्वाळा निस्तेज वाटतात आणि जांभा धुऊन काढल्यासारखा फिका होतो. घरच्या संगणकावर हीच चित्रफीत उत्तम दिसली होती. मग रंग गेले कोठे?

उत्तर असे, की बहुधा रंग कोठेच गेलेले नसतात. दोन यंत्रांनी एकच संख्या दोन निरनिराळ्या पट्ट्यांवर वाचलेली असते.

प्रथम सभागृहाकडे पाहा

यंत्रांना दोष देण्यापूर्वी एक साधी गोष्ट तपासावी. प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो. काळोख टाकू शकत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे पडद्याचा असा भाग, की जेथे प्रोजेक्टर जवळजवळ प्रकाशच पाठवीत नाही. साहजिकच तेथे रंगमंचावरील दिव्याचा किंवा खिडकीतून येणारा प्रकाश पडला, तर काळा भाग करडा दिसणारच. म्हणून आधी ते दिवे क्षणभर मालवून पाहावे. दिवे मालवूनही धुके कायम राहिले, तर मात्र संख्यांकडे वळले पाहिजे.

एक संख्या, दोन पट्ट्या

संगणकात प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या संख्यांनी सांगितला जातो. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक घटकाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. तिन्ही घटक ० म्हणजे काळा आणि तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. ही झाली पूर्ण पट्टी.

चित्रफितींची पट्टी मात्र बहुधा निराळी असते. तिच्यात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. ही पद्धत दूरचित्रवाणीकडून आली. १९८२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने अंकीय दूरचित्रवाणीसाठी एक मानक ठरवले. त्या काळी संदेश विद्युत्‌दाबाच्या लाटांच्या रूपात असे आणि गाळण्यांतून जाताना या लाटा कधी मर्यादेच्या किंचित वर, तर कधी किंचित खाली उसळत. ती उसळी कापली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा राखली गेली. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेही १९८२ सालीच. त्या लाटा बऱ्याच अंशी इतिहासजमा झाल्या, परंतु १६ व २३५ हे आकडे आजच्या चित्रफितींतही टिकून आहेत.

आता गोंधळ कसा होतो ते पाहू. चित्रफीत म्हणते, ‘१६ म्हणजे काळा.’ पुढील यंत्र ० ला काळा मानते, म्हणून ते १६ ला काळसर करडा समजते. चित्रफीत म्हणते, ‘२३५ म्हणजे पांढरा.’ यंत्र म्हणते, ‘नाही, हा तर थोडा मळकट पांढरा.’ दोन्ही टोके अशी आत ओढली गेली, की चित्र फिके पडते.

थोडे गणित करू या. पूर्ण पट्टीवरील २० ही गडद छटा लहान पट्टीवर ३३ च्या जागी जाते. पडद्यावरचा प्रकाश या संख्येच्या सरळ प्रमाणात नसून साधारणपणे तिच्या २.२ व्या घाताच्या प्रमाणात असतो. त्यामुळे २० ऐवजी ३३ वाचले गेले, तर त्या छटेतून जवळजवळ तिप्पट प्रकाश बाहेर पडतो! उलट पांढऱ्याचा प्रकाश सुमारे एक षष्ठांशाने घटतो. काळोख उजळतो आणि उजेड मंदावतो.

रंगांचेही तसेच होते. जांभ्याचा रंग लाल १५०, हिरवा ६० व निळा ४० आहे असे समजा. चुकीच्या वाचनाने तो सुमारे १४५, ६८ व ५० होतो. लाल घटक पूर्वी निळ्याच्या पावणेचार पट होता, तो आता तिपटीहूनही कमी झाला. तिन्ही घटक जितके जवळ येतात, तितका रंग करडेपणाकडे झुकतो.

दोष नेमका कोठे?

चित्रफीत पडद्यापर्यंत पोहोचते ती चार मुक्कामांवरून: फाइल, ती दाखवणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर, संगणकाचा चित्र बाहेर पाठवणारा भाग आणि प्रोजेक्टर. गैरसमज कोणत्याही मुक्कामावर होऊ शकतो. तो शोधण्यासाठी तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न: संगणकाच्या स्वतःच्या पडद्यावर चित्रफीत कशी दिसते? तेथे ती ठीक असेल, तर दोष बहुधा संगणकाच्या बाहेर जाणाऱ्या संदेशात किंवा प्रोजेक्टरमध्ये असतो.

दुसरा प्रश्न: त्याच आज्ञावलीतून, त्याच प्रोजेक्टरवर एखादे स्थिर छायाचित्र कसे दिसते? छायाचित्र सहसा पूर्ण पट्टीवरच असते. छायाचित्र व चित्रफीत दोन्ही फिकी दिसली, तर एचडीएमआय जोडणीच्या दोन टोकांचे मतैक्य नाही असे समजावे. संगणकाच्या व प्रोजेक्टरच्या मेनूत ‘लिमिटेड’ व ‘फुल’ असे पर्याय असतात. दोन्हीकडे एकच पर्याय निवडावा. छायाचित्र ठीक आणि चित्रफीत तेवढी फिकी असेल, तर दोष फाइलीत किंवा आज्ञावलीत आहे.

तिसरा प्रश्न: तीच फाइल दुसऱ्या आज्ञावलीत कशी दिसते? तेथे ठीक दिसली, तर पहिली आज्ञावली पट्टी चुकीची वाचते आहे. दोन्हीकडे फिकी असेल, तर फाइल पुन्हा योग्य रीतीने तयार करावी लागेल.

मोबाइलवरील चित्रण

अलीकडे आणखी एक कारण आढळते. अनेक मोबाइल संच एचडीआर पद्धतीने चित्रण करतात. या पद्धतीच्या एका प्रकारात पट्टीचा वरचा भाग सूर्य, ज्वाळा यांसारख्या प्रखर प्रकाशासाठी राखलेला असतो आणि साधा पांढरा कागद पट्टीच्या सुमारे ५८ टक्क्यांवरच बसतो. जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीने ही पट्टी तशीच वाचली, तर पांढरा कागद करडा दिसेल, हे उघड आहे. यावर उपाय दोन: चित्रणापूर्वीच मोबाइलमधील एचडीआर बंद करणे, किंवा फाइल साध्या पद्धतीत रूपांतरित करून घेणे.

बटणे फिरवण्याचा मोह

चित्र फिके दिसताच प्रोजेक्टरचा ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवावा आणि ‘ब्राइटनेस’ कमी करावा असे कोणालाही वाटते. त्याने ती चित्रफीत सुधारलेली दिसेलही. परंतु दोष त्या एका फाइलीत असेल, तर लगेच पुढे येणारी छायाचित्रे बिघडतील. त्यांच्या गडद छटा काळ्यात बुडतील आणि उजळ छटा पांढऱ्यात विरून जातील. चेहऱ्यावरील सावली, काळ्या केसांची बट, ढगांची कड हे सारे नाहीसे होईल. एका चुकीवर दुसरी चूक बसवली, तर दुरुस्ती होत नाही. चूक जेथे झाली तेथेच ती काढावी लागते.

करून पाहा

चित्रे काढण्याच्या कोणत्याही आज्ञावलीत डावा अर्धा भाग काळा (०) व उजवा अर्धा पांढरा (२५५) करा. काळ्यावर ८, १६ व २४ या छटांचे तीन चौकोन काढा. पांढऱ्यावर २४७, २३९ व २३१ या छटांचे तीन. अंधाऱ्या खोलीत हे चित्र प्रोजेक्टरवर लावा.

काळा भाग गडद राहून चौकोन अंधूकपणे ओळखू आले, तर जोडणी योग्य आहे. सारे चौकोन सहज दिसले, पण काळी पार्श्वभूमीच करडी झाली, तर संगणक लहान पट्टीवर पाठवतो आहे आणि प्रोजेक्टर ते मोठ्या पट्टीवर वाचतो आहे. याउलट ८ व १६ चे चौकोन काळ्यात, तर २४७ व २३९ चे चौकोन पांढऱ्यात पूर्ण मिसळले, तर गैरसमज उलट दिशेचा आहे.

हे चित्र शाळेच्या संगणकात जपून ठेवावे आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, प्रत्यक्ष सभागृहात, लावून पाहावे. पाच मिनिटांची ही तपासणी होमाच्या रात्रीला तिचा काळोख परत मिळवून देते. ज्वाळा उठून दिसतात त्या त्या काळोखामुळेच.