बोली एक, बोली दोन... : कळमन्यापासून लंडनपर्यंत

लिलाव म्हटलं की आपल्या होस्टेलवरच्या मंडळींना हमखास आठवतो तो क्रिकेटपटूंचा लिलाव. आमच्या घरी मात्र लिलाव म्हणजे कळमना! काटोलकडची आमची बाग. संत्रा निघाला की गाडी भरायची आणि थेट कळमन्याच्या मार्केट यार्डात आणायची. ढीग लागतो, व्यापारी दोन-चार फळं फोडून बघतात, अडत्या बोली पुकारतो, आणि वर्षभराच्या मेहनतीचा निकाल काही मिनिटांत लागतो. टनाला अमुक इतके हजार. संपलं!

आता याच नागपूरच्या संबंधातला दुसरा एक लिलाव बघा. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज या लिलावघरात एक तलवार विकायला निघाली. सरळ, एकधारी, युरोपात घडवलेलं पातं आणि त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव कोरलेलं : सेनासाहेब सुभा रघुजी भोसले यांचं. म्हणजे नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक, ज्यांच्या फौजा १७४० च्या दशकात थेट बंगालपर्यंत धडकल्या, ते पहिले रघुजी. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ही तलवार विकत घेतली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून खर्च झाला ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत पोहोचली.

एकीकडे संत्र्याचा ढीग, दुसरीकडे सोन्याच्या अक्षरांची तलवार. पण दोन्हीकडे यंत्रणा एकच आहे. ती नेमकी कशी चालते, आणि दोन्हींत फरक कुठे पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

समुद्रावरून आलेली वस्तू

या तलवारीला ‘फिरंग’ म्हणतात. फिरंग्यांकडून आलेली म्हणून फिरंग. युरोपातली पाती जहाजातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथल्या कारागिरांकडून त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरच्या इतिहासातही अशी समुद्राची गोष्ट दडलेली असते.

इंग्लंडमध्ये तर समुद्राशी संबंधित जुन्या वस्तूंचे वेगळे लिलाव भरतात. होकायंत्रं, सेक्स्टंट, जहाजांच्या घंटा, जहाजांची चित्रं. त्यातली चित्रं आपल्याला, म्हणजे इंजिनियरांना, विशेष आवडावीत. फोटो नव्हते तेव्हा कप्तान बंदरातल्या चित्रकाराकडून आपल्या जहाजाचं चित्र काढून घेत. गिऱ्हाईक स्वतः दर्यावर्दी असल्यामुळे एक दोरी, एक शीड चुकलं तरी ते पकडलं जायचं! त्यामुळे ही चित्रं जवळजवळ ड्रॉइंग शीटइतकी काटेकोर असत.

आधी कुंडली, मग किंमत

संत्रा फोडून बघता येतो. तलवार किंवा चित्र फोडून बघता येत नाही. मग भाव कशावर ठरतो? वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, याच्या कागदोपत्री साखळीवर. ही साखळी म्हणजे वस्तूची कुंडलीच म्हणा ना.

टायटॅनिक बुडताना शेवटपर्यंत वाजवत राहिलेल्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता वॉलेस हार्टली. त्याचं व्हायोलिन २००६ मध्ये एका घराच्या माळ्यावर सापडलं. ते खरंच त्याचंच का? वर्षानुवर्षे तपासण्या झाल्या. खाऱ्या पाण्याचे परिणाम पाहिले, दवाखान्यात नेऊन चक्क सीटी स्कॅन केला, त्याच्या वाग्दत्त वधूने दिलेल्या चांदीच्या पट्टीवरचा मजकूर जुळवला. मग २०१३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हायझेस या गावी लिलाव झाला आणि हातोडा पडला ९ लाख पौंडांवर. गंमत म्हणजे डेव्हायझेसलाही नागपूरसारखाच समुद्र नाही!

हातोडा पडला, तरी बिल बाकी

हातोड्याची किंमत आणि खरेदीदाराने मोजायची किंमत वेगळी असते. मोठी लिलावघरं त्यावर खरेदीदाराकडून साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त प्रीमियम घेतात. म्हणजे हातोडा १०० वर पडला तर खिशातून १२५ च्या वरच जातात.

कळमन्यात याला अडत म्हणतात. आधी फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ मध्ये शासनाने ती खरेदीदाराकडून घेण्याचं ठरवलं. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरं. पण गणित म्हणून बघा : व्यापाऱ्याच्या डोक्यात त्याचा एकूण खर्च पक्का असतो. वरून अडत द्यायची आहे हे माहीत असलं की तो बोलीच तेवढी खाली लावू शकतो. पैसे कोणाच्या हातून जातात आणि भार कोणावर पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिंकलेल्याचं नुकसान

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनियरांनी एक शोधनिबंध लिहिला. मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाखालच्या तेलक्षेत्रांचे लिलाव होत, आणि लिलाव जिंकलेल्या कंपन्यांना अपेक्षेइतका नफा होत नव्हता. असं का व्हावं? दहा जणांनी ढिगाचा अंदाज केला तर कोणाचा कमी येतो, कोणाचा जास्त. सरासरी बरोबरही असेल. पण लिलाव सरासरीवाला जिंकत नाही, सर्वांत जास्त अंदाज बांधणारा जिंकतो! म्हणजे जिंकलेला माणूस बहुतेक वेळा जास्तच मोजून बसलेला असतो. यावर त्यांचा सल्ला असा की स्पर्धक वाढले की बोली जपून लावा. यार्डातला मुरलेला व्यापारी कुठलाही शोधनिबंध न वाचता हेच करतो.

विकणारा कोण?

लिलावाची एक काळी बाजूही आहे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि कंपनी सरकारने नागपूरचं राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकायला काढले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. राणी बांकाबाईंनी विरोध केला, पण कोण ऐकतो? बोली व्यवस्थित लागली असेल, हातोडाही नियमाने पडला असेल. पण विकणाऱ्याचा त्या वस्तूंवर हक्क होता का, हा प्रश्न लिलाव कधीच विचारत नाही.

समुद्रातल्या वस्तूंबाबतही हेच. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजातली लाखाहून जास्त चिनी भांडी एका पाणबुड्याने १९८५ मध्ये वर काढली आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला क्रिस्टीजने विकली. चीनने दोन तज्ज्ञ ३० हजार डॉलर देऊन पाठवले होते. भाव असे चढले की त्यांना एकही वस्तू घेता आली नाही. पुढे चीनने स्वतःचं पाण्याखालचं पुरातत्त्व संशोधन सुरू केलं, त्यामागे हा अनुभव होता.

आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पण जे आधीच बाहेर गेलं, ते परत आणायचं तर बऱ्याचदा इतरांबरोबर रांगेत उभं राहून बोली लावावी लागते. रघुजींची तलवार अशीच आली. जिंकून नाही, मागून नाही, पैसे मोजून!

‘नाही’ म्हणण्याची ताकद

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक. लंडनच्या लिलावात वस्तूचा मालक आधीच एक गुप्त किमान किंमत ठरवू शकतो. बोली तिथपर्यंत पोहोचली नाही तर वस्तू विकलीच जात नाही. मालक ती घरी नेतो, दोन वर्षं थांबतो, पुन्हा आणतो. तलवार काही नासत नाही.

कायद्याने शेतकरीही भाव नाकारू शकतो. पण नाकारून जायचं कुठे? गाडीभाडं डोक्यावर, हमाली दिलेली, आणि ढिगातला संत्रा तासातासाला मऊ पडतो. व्यापाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. घड्याळ त्याच्या बाजूने चालतं. म्हणून आमच्या बाबांना पट्टीवरचा आकडा बघून कितीदा तरी मान डोलवावी लागते.

लिलाव उघड असला, बोली मोठ्याने लागली, म्हणजे भाव न्याय्य झाला असं आपण समजतो. तसं नाही. ज्याला थांबता येतं त्याचाच भाव खरा ठरतो. मग शेतकऱ्याला थांबता यावं यासाठी काय लागेल? यार्डाजवळ परवडणारं शीतगृह, बागेतच प्रतवारी करणारं साधं यंत्र, मेणाचं लेपन, रस काढणारे कारखाने. ही सगळी कामं शेवटी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि सिव्हिलवाल्यांचीच आहेत. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी लवकर उठून कळमन्याला चक्कर मारावी. विषय तिथे ढिगाने पडलेले आहेत.