रूप पालटणारे वस्त्र

अंगावरचे वस्त्र आपोआप रूप पालटू शकेल काय? सायप्रसमध्ये जन्मलेले वेशकल्पक हुसेन चालायान यांनी २००६ साली पॅरिसच्या मंचावर ते घडवून दाखविले. जुन्या घाटाच्या झग्याची गळपट्टी उघडली, पायघोळ घेर पाहता पाहता वर सरकला आणि पुढच्या काळातील आखूड पोशाख सिद्ध झाला. अशा काही झग्यांतून १११ वर्षांची वेशभूषा उलगडली.

यात जादू नव्हती. आतील काचोळीत शिवलेल्या पोकळ नळ्यांतून बारीक तारा ओवल्या होत्या. विजेऱ्यांवर चालणाऱ्या चिमुकल्या मोटारी त्या कप्प्यांवर ओढीत आणि तारेमागोमाग कापड सरके. मात्र एक तार अडकली, तर सारी शोभा फसावयाची! म्हणून यशाचे श्रेय यंत्राइतकेच शिवणाऱ्या हातांचे, आणि ते ओझे अंगावर वागवीत शांतपणे उभ्या राहिलेल्या तरुणींचेही होय.