रायपूरच्या रसिकांसाठी सिम्फनीचा हंगाम
खैरागढ येथे 1956 साली स्थापन झालेल्या संगीत विश्वविद्यालयाचे सान्निध्य ज्यांना लाभले, त्या रायपूरच्या रसिकांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतास परके मानू नये, असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली उदयास आलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया साधारणतः फेब्रुवारी व सप्टेंबरच्या सुमारास आपले हंगाम सादर करतो. प्रारंभी ओबो या सुषिरवाद्याचा एकच स्वर उमटतो आणि व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट अशी सारी वाद्ये त्याच्याशी आपापला सूर जुळवून घेतात. तंबोऱ्यावर कान घडलेल्या श्रोत्यास हा क्षण विलक्षण आपला वाटेल. याच वृंदासाठी झाकीर हुसेन यांनी रचलेला तबल्याचा ‘पेशकार’ 2015 साली सादर झाला. सिम्फनीचे सर्व खंड संपेपर्यंत टाळी मात्र आवरावी. गीतांजली एक्स्प्रेस रायपूरहून थेट मुंबईस जाते. एखादा हंगाम अवश्य गाठावा.