झाकणभर झोप

दसरा झाला की ऊसतोडीला जायला आमच्या वडवणीत बिऱ्हाडं बांधायची घाई उडायची. मुकादमाची उचल घेऊन झालेली असायची, ट्रक कधी येईल याचा नेम नसायचा. आई पत्र्याच्या पेटीत पीठ-मीठ, काडेपेटी, गोधड्या भरायची आणि सगळ्यात शेवटी एका जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली खोकल्याची बाटली ठेवायची. ती मेडिकलवरून आणायला मीच तिच्याबरोबर जायचो. डॉक्टरांची चिठ्ठी नसायची आणि औषधाचं नावही तिला ठाऊक नसायचं. ती एवढंच म्हणायची, "झोपेचं द्या भाऊ, मागल्या सालासारखं." ही गोष्ट 1980 च्या दशकाच्या शेवटाची.

झोपेचंच औषध का, हे कोपीत राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. पाचटाच्या चुलीचा धूर, फडातली धूळ, उघड्या रानातली डिसेंबरची थंडी. लेकरू रात्रभर ढास लागून खोकलं की त्याची माय जागी, आणि पहाटे तीन-चारला कोयता हातात घ्यायचा तो घ्यायचाच. म्हणून झाकणभर औषध पाजलं जायचं. लेकरू निजायचं. सकाळी बायका एकमेकींना सांगायच्या, "निवांत निजलं, औषध लागू पडलं." पस्तीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. मागे वळून पाहताना वाटतं की आमच्या भागात खोकल्याच्या औषधाचा सगळा घोळ या एका वाक्यात आहे. लेकरू निजलं हे खरं असायचं. औषध लागू पडलं की नाही, हे मात्र त्यावरून कळत नव्हतं.

खोकल्याच्या औषधाने झोप येते का, याचं उत्तर बाटलीत काय आहे त्यावर ठरतं. जुन्या पद्धतीची अ‍ॅलर्जीरोधक द्रव्यं असतील तर येते. त्यातलं डायफेनहायड्रामिन अमेरिकेत जॉर्ज रीव्हशल यांनी 1940 च्या दशकात शोधलं आणि 1946 मध्ये ते बेनाड्रिल या नावाने विकायला आलं. आपल्याकडच्या सर्दी-खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असणारं क्लोरफेनिरामिन त्याच काळातलं. शिंका आणि वाहतं नाक यांमागे हिस्टामिन हे द्रव्य असतं. तेच हिस्टामिन मेंदूत माणसाला जागं ठेवण्याचंही काम करतं. ही जुनी औषधं रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथलं हिस्टामिनचं काम अडवतात. मग डोळ्यांवर झापड येते, हातपाय जड होतात. याउलट ब्रोमहेक्सिन कफ पातळ करतं, सहसा झोप आणत नाही. त्याचं मूळ आपल्या बांधावरच्या अडुळशात आहे, त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ते घडवलं गेलं. साल्ब्युटामॉल असलेल्या औषधाने उलट छाती धडधडते, हात थरथरतात. कोरड्या खोकल्यासाठीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन ठरल्या मात्रेत मोठ्यांना फार गुंगी आणत नाही, पण बहुतेक बाटल्यांत ते एकटं नसतं. त्याच्या जोडीला क्लोरफेनिरामिन असतं.

ही जोडी वडिलांना एकदा भोवली. ते टायरगाडी हाकायचे. खोकला पंधरा दिवस हटत नव्हता, म्हणून त्यांनी आमच्याच बाटलीतलं दोन झाकणं औषध घेतलं आणि भरलेली गाडी घेऊन रात्री कारखान्याकडे निघाले. वाटेत डोळा लागला. गाडी रस्ता सोडून चारीकडे कलली आणि बैल आपणहून थांबले. वडील उतरले तेव्हा एक चाक हवेत होतं. ते नेहमी सांगायचे, बैलांनी वाचवलं. दोष त्यांनी थकव्याला दिला, आम्हीही दिला. बाटलीकडे कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यावरचं बारीक इंग्रजी आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं.

तसं पाहिलं तर लेकराला गुंगी देऊन कामाला जाण्याची वेळ आमच्या आयांवरच पहिल्यांदा आली असं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची गोळी चाटवत. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या डॉक्टरबाईंच्या पाहणीत ते नोंदलं गेलं. त्याच अफूतलं कोडीन पुढे खोकल्याच्या बाटलीत आलं. कोरेक्स, फेन्सेडिल ही नावं माझ्या पिढीला पाठ आहेत. पाच मिलिलिटर कोरेक्समध्ये दहा मिलिग्रॅम कोडीन आणि चार मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन असायचं, म्हणजे दोन्हीकडून गुंगी. कितीतरी तरुण पोरं त्याच्या नादी लागली. 2014 पासून कोडीन कडक नियमांच्या यादीत गेलं आणि दुकानदाराला वहीत गिऱ्हाईकाची नोंद ठेवणं भाग पडलं. मार्च 2016 मध्ये केंद्राने 344 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात कोडीन-क्लोरफेनिरामिनची जोडीही होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी उठवली. शेवटी जून 2023 मध्ये 14 मिश्रणांवर नव्याने बंदी आली आणि त्यात ही जोडी पुन्हा अडकली. सात वर्षं गेली यात.

लहान मुलांच्या बाबतीतलं सत्य त्याच्याही आधी बाहेर आलं होतं, आमच्यापर्यंत ते पोचायला मात्र फार उशीर झाला. 2004 मध्ये अमेरिकेत रात्री खोकणाऱ्या शंभर मुलांवर एक चाचणी झाली. काहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना डायफेनहायड्रामिन, काहींना नुसतं गोड पाणी. खोकल्यात फरक पडला नाही आणि मुलांच्या झोपेतही नाही. झोपेचं म्हणून ओळखलं जाणारं औषधसुद्धा गोड पाण्याच्या पुढे गेलं नाही. 2007 मध्ये त्याच संशोधकांनी मध देऊन पाहिला आणि रात्रीचा खोकला मधाने जास्त उतरल्याचं आढळलं. आमच्या आजीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, एवढं मात्र तिला माहीत नव्हतं.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं ठरावीक मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला. दोन वर्षांनी मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाच्या एका खेपेत 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. या विषाने मूत्रपिंडं निकामी होतात. वीसहून जास्त लेकरं गेली, त्यांतल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष 14 जणांना भोवलं होतं, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोगही बसला होता. मला त्या बातम्या वाचताना आमच्या बायकांचं वाक्य आठवत राहिलं. अशा विषबाधेत उलट्या होतात, लघवी कमी होत बंद पडते आणि लेकरू सुस्तावतं. ज्या घरात सुस्ती म्हणजे गुण आला असं धरतात, तिथे दवाखाना गाठायला किती उशीर होत असेल! 3 ऑक्टोबर 2025 ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत.

त्याच महिन्यात, दिवाळीनंतर, मी गावातल्या मेडिकलवर उभा होतो. कडेवर लेकरू घेऊन एक बाई आली. बाहेर ट्रक लागलेला, वर गोधड्या आणि चिपाडं बांधलेली. "भाऊ, झोपेचं द्या," ती म्हणाली. मी विचारलं, "ताई, लेकरू केवढं?" "दोन सरून तिसरं लागलं." दुकानदाराने काढलेली बाटली परत फळीवर ठेवली आणि तिला सांगितलं की याला हे द्यायचं नाही, कोमट पाणी पाज, रात्री चमचाभर मध दे, श्वास जोरात चालला किंवा छाती आत ओढायला लागली तर जवळचा सरकारी दवाखाना गाठ. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् म्या रातच्याला झोपू कवा?"

आम्हा दोघांनाही काही बोलता आलं नाही. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने शेजारच्या किराणा दुकानातून मधाची लहान बाटली घेतली, पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि ती ट्रकवर चढली.