नारळ सागराला, नजर मतांवर

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मालवणच्या बंदरजेटीवर पाय ठेवायला जागा नसते. सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचे श्रीफळ वाजतगाजत येते, शहरातील व्यापारी आणि मच्छीमार आपापले नारळ घेऊन मिरवणुकीने किनाऱ्यावर जमतात आणि खवळलेल्या दर्याला शांत होण्याची विनवणी केली जाते. ही प्रथा शिवकाळापासून चालत आल्याची मालवणवासीयांची श्रद्धा आहे. अलीकडे या गर्दीत आणखी एक दृश्य हमखास दिसू लागले आहे. पांढऱ्या कपड्यांतील पुढारी, त्यांच्याभोवती कार्यकर्त्यांचे कडे आणि सागराला अर्पण होणाऱ्या नारळावर एकाच वेळी टेकलेले चार-पाच हात. किनाऱ्यावर लागलेल्या शुभेच्छाफलकांवर तर सणापेक्षा नेत्यांची छबीच मोठी असते.

पुढाऱ्यांनी लोकांच्या सणात सहभागी व्हावे, यात गैर काही नाही. लोकप्रतिनिधीने आपल्या मतदारांच्या सुखदुःखात सामील व्हावे, अशी अपेक्षाच असते. मात्र संख्येने लहान असलेल्या समाजांच्या सणांना मोठ्या पक्षांचे मोठे नेते एवढ्या अगत्याने का जातात, त्यातून त्यांना काय मिळते आणि त्या समाजाच्या पदरात नेमके काय पडते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

थोड्या मतांचे मोल

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत आहे. त्यात दहापैकी नऊहून अधिक लोक हिंदू, मुस्लिम सुमारे तीन टक्के आणि ख्रिस्ती त्याहूनही कमी. धर्माचा निकष बाजूला ठेवून व्यवसायाचा लावला, तरी समुद्रावर पोट असलेला मच्छीमार हा जिल्ह्यात अल्पसंख्यच. शेतकरी, बागायतदार आणि नोकरदारांच्या तुलनेत त्याची संख्या किती तरी कमी भरते.

परंतु निवडणुकीत एकूण संख्येपेक्षा विजयाचे अंतर अधिक बोलते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत कुडाळ मतदारसंघात शिवसेनेचे वैभव नाईक यांनी नारायण राणे यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा पराभव केला, तो दहा हजारांहून थोड्या अधिक मतांनी. २०२४ मध्ये याच मतदारसंघात नीलेश राणे यांनी नाईक यांना हरविले, तेव्हाचे अंतर सुमारे आठ हजारांचे होते. मालवणचा सारा किनारा याच मतदारसंघात येतो. एवढ्या चुरशीच्या लढतीत किनाऱ्यावरचे चार वाडे एका बाजूला झुकले, तर निकालाचा तराजू कलू शकतो. मच्छीमारांच्या वाड्यांत घरे एकमेकांना चिकटून असतात आणि समुद्राचे दुखणे साऱ्यांचे एकच असते. त्यामुळे तेथील मत एकगठ्ठा पडते, असा राजकीय पक्षांचा समज असतो. तो समज नेहमी खरा ठरतोच असे नाही, पण प्रचाराची आखणी मात्र त्यावरच बेतली जाते.

सणाचे महत्त्व इथे लक्षात येते. घरोघरी फिरून हजार माणसे भेटायला आठवडा लागतो. सणाच्या दिवशी तीच माणसे एका ठिकाणी, प्रसन्न मनाने आणि कुटुंबासह भेटतात. तक्रार मांडायची ती वेळ नसते, कारण दारी आलेल्या पाहुण्याला सणाच्या दिवशी कोणी जाब विचारत नाही. पुढाऱ्याला यापेक्षा सोयीची सभा दुसरी कोणती मिळणार?

इफ्तारपासून छठपूजेपर्यंत

ही रीत काही मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेली नाही. रमजानमधील इफ्तारला राजकीय रूप आले ते उत्तर भारतात. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांनी १९७० च्या दशकात सरकारी इफ्तारचा पायंडा पाडला, असे मानले जाते. इंदिरा गांधींच्या काळात दिल्लीत तो रुजला आणि पुढे बहुतेक पक्षांनी उचलला. मुंबईत बाबा सिद्दिकी यांची वांद्र्यातील इफ्तार पार्टी अनेक वर्षे राजकारण आणि चित्रपटसृष्टी यांचा संगम मानली जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा अनेकांना प्रथम आठवली ती हीच मेजवानी.

या प्रथेला वेगळे वळण देणारे उदाहरण राष्ट्रपती भवनातलेच आहे. २००२ साली राष्ट्रपती झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तेथील इफ्तार थांबविली आणि त्यावर होणारा खर्च अनाथालयांकडे वळविला. ते स्वतः मुस्लिम होते. तरीही सुखवस्तू पाहुण्यांना सरकारी खर्चाने जेवू घालण्यापेक्षा गरजूंच्या तोंडी घास पडावा, हे त्यांना अधिक धर्मसंगत वाटले. त्यांच्यानंतर प्रतिभा पाटील यांच्या काळात ही प्रथा पुन्हा सुरू झाली आणि २०१७ मध्ये रामनाथ कोविंद राष्ट्रपती झाल्यावर पुन्हा थांबली. मेजवानी आली, गेली, परत आली. सामान्य मुस्लिम कुटुंबाच्या शिक्षणाच्या किंवा रोजगाराच्या प्रश्नांना तिचा स्पर्श झाला नाही.

धर्माच्या जागी भाषा आणि प्रांत आला, तरी गणित तेच राहते. मुंबईत उत्तर भारतीयांची छठपूजा जुहूच्या चौपाटीवर भव्य प्रमाणात होऊ लागली आणि तिच्या व्यासपीठावर नेत्यांची रांग लागली. २००८ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राज ठाकरे यांनी या सोहळ्याला शक्तिप्रदर्शन म्हणून लक्ष्य केले आणि शहरात तीव्र वाद पेटला. त्यानंतरच्या वर्षांत मात्र वेगवेगळ्या पक्षांचे नेते छठपूजेच्या घाटांवर दिसत राहिले. मुंबईत ज्याचे मत लागते, त्याच्या सणाकडे पाठ फिरविणे परवडत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

आंगणेवाडीची वाट

मुंबईत उत्तर भारतीय जसा बाहेरून आलेला, तसाच एके काळी मालवणी चाकरमानीही बाहेरूनच आलेला होता. गिरणगावातील खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या या कोकणी माणसाने मुंबईच्या राजकारणात आपले वजन निर्माण केले. त्याला भेटण्यासाठी पुढाऱ्यांना मुंबईतच थांबण्याची गरज उरलेली नाही. मालवण तालुक्यातील मसुरे गावाजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, तेव्हा तो हजारोंच्या संख्येने तेथेच येतो.

ही जत्रा पंचांगातील तिथीवर ठरत नाही. देवीचा कौल घेऊन ग्रामस्थ तारीख जाहीर करतात आणि मग मुंबई-ठाण्यातील चाकरमान्यांची रेल्वे आरक्षणासाठी झुंबड उडते. राजकीय नेत्यांचे दौरेही त्याच तारखेभोवती आखले जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आंगणेवाडीत आले होते. सत्ताबदल झाल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेथे दर्शन घेतले. देवी तीच, रांग तीच. सत्तेतील चेहरे तेवढे बदलले.

जत्रेचा फायदा गावाला होत नाही असे नाही. रस्त्यांचे डांबरीकरण, वीज, पाणी आणि जादा गाड्या यांची तजवीज मंत्र्यांच्या दौऱ्यामुळे वेळेत होते. परंतु हा फायदा बहुतांशी दीड दिवसाच्या जत्रेपुरता असतो. ज्या प्रश्नाची उत्तरे वर्षभर आणि कायद्याच्या भाषेत द्यावी लागतात, तो जत्रेच्या मांडवात सुटत नाही.

समुद्राचा प्रश्न कोणत्या सणाचा?

मालवणच्या मच्छीमाराचा प्रश्न नेमका याच जातीचा आहे. येथील परंपरा रापणीची. किनाऱ्यापासून लांबवर जाळे टाकून ते दोन्ही टोकांनी वाडीतील माणसे ओढतात आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्याने वाटून घेतात. छोट्या होडीतून जाळी टाकणाऱ्यांची संख्याही मोठी. या साऱ्यांची झुंज यांत्रिक पर्ससीन नौका, परप्रांतांतून येणारे वेगवान ट्रॉलर आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या उजेडात केली जाणारी मासेमारी यांच्याशी आहे. दिव्याच्या उजेडाकडे आकर्षित झालेला मासळीचा थवा मोठ्या जाळ्यात एका रात्रीत उचलला गेला, की रापण रिकामी येते.

यावर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने घटविण्याचे आणि हंगाम मर्यादित ठेवण्याचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात बदल करून दंडाची रक्कम लाखांच्या घरात नेली. जानेवारी २०२५ मध्ये ड्रोनद्वारे किनाऱ्यावर गस्त सुरू झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय झाला.

या निर्णयांमागे निवेदने होती, मोर्चे होते, समुद्रातील संघर्ष होता आणि शास्त्रीय अहवाल होता. एखाद्या नेत्याने नारळ अर्पण केला म्हणून पर्ससीनचा परवाना रद्द झाला, असे कधी घडलेले नाही. मच्छीमार जेव्हा व्यवसायाच्या नात्याने एकत्र आला, तेव्हा शासनाला त्याची दखल घ्यावी लागली.

आणखी एक बाब नजरेआड करता येत नाही. किनाऱ्यावर गाबित समाजाचा हिंदू मच्छीमार आहे, तशी ख्रिस्ती मच्छीमारांची घरे आहेत आणि दक्षिण कोकणात दालदी मुस्लिमही पिढ्यान् पिढ्या दर्यावर जगत आले आहेत. सणांचे राजकारण यांतील एकाला नारळी पौर्णिमेला भेटते, दुसऱ्याला नाताळात आणि तिसऱ्याला इफ्तारला. प्रत्येकाला त्याच्या धर्माच्या शुभेच्छा मिळतात. तिघांचेही जाळे रिकामे का येते, हा प्रश्न मात्र कोणत्याच सणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसतो. सणांच्या निमित्ताने तीन मतपेढ्या दिसतात. समुद्रावर मात्र तो एकच मच्छीमार असतो.

कायदा काय म्हणतो?

एखाद्या समाजाच्या सणाला उपस्थित राहणे हा निवडणूक गुन्हा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. यातील धर्म कोणाचा, केवळ उमेदवाराचा की मतदाराचाही, हा वाद मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवला. अभिराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला, की मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. आदर्श आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च किंवा अन्य प्रार्थनास्थळ प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापरण्यास मनाई आहे.

म्हणजे सणाला येऊन मत मागणे निषिद्ध, पण नुसते येणे मुक्त. पुढारी हीच फट अचूक ओळखतात. ते मत मागत नाहीत, केवळ शुभेच्छा देतात. मागणी त्यांच्या उपस्थितीतच दडलेली असते. या सूक्ष्म सीमारेषेवर पहारा ठेवणे कोणत्याही न्यायालयाला शक्य नाही. ते काम शेवटी मतदारालाच करावे लागते.

त्यासाठी पाहुण्याला दारातून परत पाठविण्याची गरज नाही. लहान समाजाच्या सणाला मोठ्या माणसाने येणे, त्या समाजाची दखल घेणे, याला काही अर्थ निश्चितच आहे. ज्याच्याकडे वर्षभर कोणी पाहिले नाही, त्याला एक दिवस तरी आपण दिसतो आहोत, असा दिलासा मिळतो. परंतु दखल आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी एक दुपार पुरते, दुसरीसाठी गस्तीनौका, निधी, अधिकारी आणि चिकाटी लागते.

म्हणून मतदाराने हिशेब ठेवायचा, तो दोन सणांमधल्या काळाचा. गेल्या नारळी पौर्णिमेपासून या नारळी पौर्णिमेपर्यंत किती बेकायदा नौका पकडल्या गेल्या? किती दंड खरोखर वसूल झाला? गस्तीनौका किती रात्री समुद्रात होती? हे प्रश्न सणाच्या दिवशी विचारणे अप्रशस्त वाटत असेल, तर दुसऱ्या दिवशी विचारावेत. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जेटीवरची गर्दी ओसरलेली असते, फलक वाऱ्याने फाटू लागलेले असतात आणि मच्छीमार होडी घेऊन निघालेला असतो. त्या दिवशी किनाऱ्यावर कोण येतो, यावर त्याने आपले मत ठरविलेले बरे.