नाव फुहाऱ्याचं, पूर माणसांचा!

बदलीची ऑर्डर जबलपूरची निघाली, की मराठी घरात दोनच नावं घेतली जातात. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधार धबधबा. पण बिऱ्हाड लागलं, पडद्याचं कापड नि चार भांडी घ्यायची वेळ आली, की शेजारीपाजारी एकच पत्ता सांगतात- बडा फुहारा!

फुहारा म्हणजे कारंजं. नवख्याच्या डोळ्यांपुढे लगेच बाग, हिरवळ, बसायला बाकं उभी राहतात. रिक्षा थांबते मात्र ऐन बाजारात. चारी बाजूंनी दुकानं, हातगाड्या, स्कूटरचे हॉर्न. चौकातल्या कारंज्याकडे बघायला उसंत कुणाला? इथे उसळतात ती माणसं!

पहिला अर्धा तास नवखा गांगरलेलाच असतो. मग हळूहळू उलगडत जातं, की या गोंधळालाही एक शिस्त आहे. साड्या नि कापड एकीकडे, भांडी दुसरीकडे, सोन्या-चांदीसाठी सराफा. अंधेरदेव, लार्डगंज, गंजीपुरा... एका पेठेतून माणूस दुसरीत कधी शिरला, हे त्यालाही कळत नाही. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा नागपूरच्या इतवारीत वाढलेल्याला हे चित्र ओळखीचं वाटतं. परकी असते ती फक्त भाषा.

पण तीही किती परकी? दुकानदार शेजाऱ्याला हाक मारतो, ‘काय बड्डे!’ मराठी कान टवकारतात. हा आपला ‘काय’ नव्हे, बुंदेली बोलीतला ‘काय’. ‘बड्डे’ म्हणजे थोरला भाऊ, दोस्त, वेळप्रसंगी अनोळखी गिऱ्हाईकसुद्धा. ‘बड्डे’ म्हणून हाक आली, की समजावं, आपण पाहुणे राहिलो नाही.

पुढे दिसते ती कमानिया गेट. नावात कमान आहेच. ही कमान बाजाराच्या शोभेसाठी नाही, तर १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभी आहे. सुभाषचंद्र बोस त्या वेळी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झाले होते. मार्चमधल्या अधिवेशनाला ते आले तापाने फणफणलेले, अक्षरशः स्ट्रेचरवरून. काँग्रेसचं हे बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीत बावन्न हत्ती होते. रथात मात्र अध्यक्षांऐवजी त्यांची तसबीर! पुढच्याच महिन्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. आज त्या कमानीखालून माणसं पिशव्या सावरत जातात, वर बघायचं राहूनच जातं.

या कमानीपाशी पाय थांबतात ते बडकुल हलवायांच्या खोव्याच्या जिलबीसाठी. मराठी लग्नातली केशरी, कुरकुरीत जिलबी इथे विसरायची. ही जिलबी खव्याची. जाड, मऊ आणि गुलाबजामसारखी काळपट. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, ‘करपली वाटतं!’ एक घास खाल्ला, की दुसरी मागवतो.

नवरात्रात याच भागाचा थाट काही और असतो. नुनहाई आणि सुनरहाईच्या देवी बुंदेली पद्धतीच्या सोन्या-चांदीच्या दागिन्यांनी मढवलेल्या. गणपतीत जीव अडकलेल्या मराठी माणसाला इथली दसऱ्याची गर्दी बघून घरची आठवण येते, आणि थोडी समजूतही पटते.

तसं पाहिलं, तर मराठी माणूस इथे नवखा कधी नव्हताच. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं राज्य घेतलं. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. १८१७ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पुढे नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदले. १९२३ मध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा चढवण्यावरून पेटलेल्या झेंडा सत्याग्रहाचं लोण नागपूरलाच गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मात्र वाट वेगळी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. काल एकाच प्रांतात असलेली मामा-मावशीची घरं दोन राज्यांत विभागली गेली. जबलपूरच्या मराठी घरांतली मुलं शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलत मोठी झाली.

त्या दिवशी जबलपूरलाही धक्का बसला. राजधानी मिळेल ही आशा होती. ती भोपाळला गेली, इथे हायकोर्ट आलं. ‘आमचं राहून गेलं,’ ही सल जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही डोकावते. १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना आहे, २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, पण राजधानीचा रुबाब नाही, तो नाहीच.

नवख्याला मात्र याचा फायदाच होतो. रुबाब नाही म्हणून घाईही बेताची. दुकानदार गाव विचारतो, कुठे राहता विचारतो, मग कापड दाखवतो. आता मॉल आले, घरबसल्या सामान मागवता येतं. तरीही लग्नाची खरेदी निघाली, की अख्खं घर फुहाऱ्यावर लोटतं.

म्हणून जबलपूरला बदली झालीच, तर धुवाँधार आधी बघून घ्यावा. पण गावाशी ओळख करून घ्यायची असेल, तर एक संध्याकाळ फुहाऱ्यासाठी राखून ठेवावी. गाडी घरी ठेवून, मोकळी पिशवी घेऊन चालत निघावं. आणि कुणी मागून ‘काय बड्डे’ म्हटलं, तर दचकू नये. मागे वळून हसावं!