सेड: मोठ्या फाइलमधली नेमकी ओळ कशी बदलायची?

समजा, उपकरणातून आलेली २०,००० ओळींची टेक्स्ट फाइल तुमच्याकडे आहे. ४२व्या ओळीत २५.४ ऐवजी २५,४ पडलंय आणि ३री व ७वी ओळ काढायची आहे. एडिटर उघडून हातानेही हे जमेल. पण सहा महिन्यांनी गाईडने विचारलं, "डेटात नेमकं काय बदललंस?", तर दाखवायला काही उरत नाही. म्हणून लिनक्सच्या टर्मिनलवरची 'सेड' ही कमांड शिकून घ्या.

सेड म्हणजे स्ट्रीम एडिटर. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ली मॅकमोहन यांनी तो लिहिला. तो फाइल ओळीओळीने वाचतो, सांगितलेल्या ओळीवर काम करतो आणि निकाल स्क्रीनवर टाकतो. मूळ फाइल तशीच राहते. (कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत करा.)

आधी ओळ बघा: सेड -एन '४२पी' डेटा.टीएक्सटी
'पी' म्हणजे प्रिंट. '-एन'मुळे बाकीच्या ओळी दिसत नाहीत.

मग बदला: सेड '४२एस/२५,४/२५.४/' डेटा.टीएक्सटी
'एस' म्हणजे सबस्टिट्यूट. आधी जुना मजकूर, मग नवा. ओळीतला पहिलाच जुळणारा मजकूर बदलतो. सगळे हवे असतील तर शेवटी 'जी' लावा.

ओळी काढा: सेड '३डी;७डी' डेटा.टीएक्सटी
दोन्ही एकाच कमांडमध्ये द्या. आधी ३री काढून फाइल सेव्ह केली, की जुनी ७वी ओळ ६वी होते. मग '७डी' म्हटलंत तर जुनी ८वी, म्हणजे चांगली ओळ उडते, आणि सेड कसलीही सूचना देत नाही! एकाच कमांडमध्ये मात्र क्रमांक मूळ फाइलचेच धरले जातात.

निकाल साठवताना '>' चिन्हापुढे नेहमी नवं नाव द्या. तिथे त्याच फाइलचं नाव दिलंत तर सेड वाचायला लागण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करतं. मूळ फाइलच बदलायची असेल तर '-आय.बॅक' वापरा, जुनी प्रत.बॅक नावाने बाजूला राहते. पण तीच कमांड पुन्हा चालवली तर ती प्रतही पुसली जाते, हे ध्यानात ठेवा.

शेवटी 'डिफ'ने दोन्ही फाइली ताडून बघा आणि कमांड एका स्क्रिप्टमध्ये लिहून डेटाशेजारीच ठेवा. गाईडच्या प्रश्नाला तेच तुमचं उत्तर.